ब्रेकवरचा पाय

ती तेल मोजायची पट्टी पुसून परत आत घाल आणि बॉनेट लावून टाक. तेल भरलेलं दिसतंय म्हणतोस? दिसणारच. इंजिन बंद आहे ना. इंजिन चालू असताना जे तेल वर फिरत असतं, ते बंद केल्यावर खाली उतरतं आणि पट्टी खुणेपर्यंत भिजते. इंजिनचं तेल असंच बघतात, बंद करून. पण ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं तेल बघायचं ते गाडी गरम करून, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून. हे तुला गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नाही. कशाला सांगेल? त्याची गाडी खपली.

टो करणारा तासाभरात येतो म्हणाला, म्हणजे दोन तास धरून चाला. या, आत बसा दोघं. फोटोवाली, तू मागे पाय वर घेऊन बस, काचा लाव. मोबाइलचे दिवे पण बंद करा, बॅटरी लागेल नंतर.

मी भुतंखेतं मानत नाही. माणसांनी दिवसाढवळ्या केलेलं इतकं पाहिलंय की भुतांसाठी भीती शिल्लकच राहिली नाही. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय. आणि आमचे दाजी म्हणजे असा माणूस की त्यांना थाप मारता येत नाही. त्याला जी कल्पनाशक्ती लागते ती त्यांच्याकडे नाहीच. माझ्या बहिणीनं एकदा विचारलं, ही साडी कशी दिसते? तर म्हणाले, "अजून घडी मोडली नाहीस, कसं सांगू?" असा माणूस. त्यामुळे ऐका आणि मग काय ते ठरवा.

दाजी एका रुग्णालयाच्या गॅरेजमध्ये हेड मेकॅनिक होते. रुग्णालय टेकडीवर, गॅरेज पायथ्याशी. मी दाजी म्हणायचो ते ऐकून सगळं गॅरेज त्यांना दाजी म्हणायला लागलं होतं. ज्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर शुद्ध करावं लागतं, अशा पेशंटना घरून आणायला आणि परत सोडायला दोन व्हॅन होत्या. दोन्ही ऑटोमॅटिक, एकाच दिवशी आलेल्या, एकाच रंगाच्या. त्यातली पहिली कासव चालवायचा.

कासव हे त्याचं टोपणनाव. सगळं रुग्णालय त्याला तसंच हाक मारायचं आणि तो खुशाल ओ द्यायचा. रस्त्यात खड्डा आला की झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तशी तो गाडी उतरवायचा. मागून कुणी हॉर्न वाजवला की खिडकीतून हात काढून म्हणायचा, "जा बाबा पुढे. घाई तुला आहे, माझ्या पेशंटला नाही."

त्या गॅरेजमध्ये एक नियम होता. कागदावर नव्हता, दाजींना त्यांच्या उस्तादानं शिकवलेला. चालू ऑटोमॅटिकच्या पुढ्यात उभं राहायचं असेल तर आत ब्रेकवर माणसाचा पाय पाहिजे. गिअरची दांडी 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर असू दे, हँडब्रेक ओढलेला असू दे, तरीसुद्धा. कारण दांडी जुनी झाली की ती 'पी'मध्ये बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते. उस्तादानं एक माणूस असा भिंतीशी चिरडून गेलेला पाहिला होता.

भिंतीशी का, ते सांगतो. धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून त्या गॅरेजची सगळी फरशी उताराची होती. सपाट जागा एकच, मागच्या भिंतीलगतची. त्यामुळे गिअरबॉक्सचं तेल बघायचं तर गाडी भिंतीकडे तोंड करून लावायची, आणि भिंत आणि बंपर यांच्यामध्ये जेमतेम दोन हात जागेत उभं राहायचं. बॉनेट वर केलेलं, त्यामुळे आतला माणूस दिसत नाही. त्याला तुम्ही दिसत नाही. नुसता आवाज.

हा ब्रेकवरचा पाय बहुतेक वेळा कासवाचा असायचा. दाजी बॉनेटखालून ओरडायचे, "आर!" की कासव दांडी रिव्हर्सला घ्यायचा. "एन!" की न्यूट्रलला. "डी!" की पुढे. प्रत्येक ठिकाणी तेल पोचावं म्हणून तो मनात तीन आकडे मोजून थांबायचा. शेवटी 'पी', आणि मग दाजी पट्टी काढायचे.

"दाजी, गेल्या महिन्यात तुम्ही माझ्यावर ओरडला होतात, आठवतंय का?" कासव आतून विचारायचा.

"गप बस आणि पाय दाब!"

"दाबलाय हो. आता शिंक आली तर मात्र माझी जबाबदारी नाही."

सगळं गॅरेज हसायचं. दाजीसुद्धा.

मग रुग्णालयात नवा वाहन अधिकारी आला. त्यानं पहिल्याच महिन्यात हेल्परची जागा रद्द केली आणि ड्रायव्हरांना गॅरेजमध्ये थांबायला बंदी केली. दाजींना म्हणाला, "तेल बघायला दोन माणसं आणि पंचवीस मिनिटं? इंजिन बंद करा, पट्टी काढा, बघा, लिहा. दोन मिनिटांचं काम."

दाजी म्हणाले, "साहेब, बंद करून बघितलं तर चुकीचं दिसतं."

"इंजिनचं तेल इतकी वर्षं तसंच बघता ना? तेल ते तेल."

तेल ते तेल! ज्या रुग्णालयात बाटलीभर रक्त चढवायच्या आधी दहादा गट तपासतात, तिथला अधिकारी म्हणतो तेल ते तेल! आणि हा हुकूम तोंडी बरं का. लेखी कधीच नसतो. मी आजवर एकही गाढवपणाचा हुकूम लेखी पाहिलेला नाही.

दाजी गप्प बसले. मुलीचं शिक्षण चालू होतं, निवृत्तीला सहा वर्षं होती. माणसं गप्प बसतात त्याची कारणं अशीच साधी असतात. दुसऱ्या दिवसापासून ते इंजिन बंद करून तेल बघायला लागले.

कासवाच्या व्हॅनच्या गिअरबॉक्सचं एक सील थेंब थेंब गळत होतं. तो रोज चालवणारा, त्याला ते आधी कळलं. तक्रारवहीत त्यानं तीनदा लिहिलं. "डी मध्ये उशिरा धरते. चढावर धक्का देते." तिन्ही वेळा त्याच्याखाली उत्तर आहे, "तेल तपासले. पातळी योग्य." आणि दाजींची सही. मी ती वही स्वतः पाहिली आहे. तिसऱ्या वेळी कासव गेटपाशी थांबला आणि म्हणाला, "दाजी, चालू करून बघितलं ना?"

दाजी म्हणाले, "बघितलं."

आयुष्यात एकदाच खोटं बोलला हा माणूस, आणि ते कासवाशी.

सोमवार, सहा जानेवारी. सकाळचे सहा चाळीस. कासव एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंना घेऊन टेकडी चढत होता. तिसऱ्या वळणावर समोरून बस आली, म्हणून हा थांबला. बस गेली. यानं ब्रेक सोडला, पेडल दाबलं. गाडी पुढे जाईना. मागे सरकायला लागली. यानं आणखी दाबलं. इंजिन ओरडलं. मागच्या सीटवरून बाईंनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काही नाही बाई, आत्ता धरेल." आणि मग गिअरनं एकदम धरलं. गाडीनं उडी मारली ती कठडा तोडून खालच्या रस्त्यावर. बाई वाचल्या, कमरेचं हाड मोडलं. कासव जागीच गेला.

दुपारी रुग्णालयाचं प्रसिद्धिपत्रक आलं. चालकाने वळणावर वाहन भरधाव नेल्याने अपघात. कासवानं! भरधाव! आणि ते छापलं कुणी? मी. आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर, तळाला, दोन कॉलम. घाई होती, कागद समोर आला, लावून टाकला. दुसऱ्यांना शिव्या द्यायच्या तर हे आधी सांगायला हवं.

कासवाची बायको कपडे शिवायची. बातमी आल्यावर गिऱ्हाइकं बंद झाली असं नाही, पण माप द्यायला आलेल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती रुग्णालयात गेली, त्या वाहन अधिकारी साहेबाच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला बाकी काही नको. भरधाव हा शब्द तेवढा काढा." साहेब म्हणाला, चौकशी समिती बसतेय, शुक्रवारी दहा वाजता, तिथे या.

आता ऐका. आदली रात्र. गुरुवार, सोळा जानेवारी.

संध्याकाळी साडेसहाला साहेब गॅरेजमध्ये आला. हातात टाइप केलेला कागद. सर्व तपासण्या विहित पद्धतीने केल्या होत्या, वाहनात दोष नव्हता, असा मजकूर. खाली दाजींचं नाव, सहीपुरती जागा. म्हणाला, "उद्या दहाच्या आत सही करून आणा. आणि दुसरी व्हॅन पहाटे साडेपाचला निघतेय, चार पेशंट आहेत. तिचं तेल बघून 'योग्य' लिहून ठेवा."

बघून 'योग्य' लिहा. उत्तर आधीच ठरलेलं.

तो गेला. दाजींनी तो कागद दोनदा वाचला. मग घडी करून खिशात ठेवला आणि उठले. म्हणाले, आज एकदा नीट बघू. दुसरं काही मनात नव्हतं. व्हॅन काढली, टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्यानं पंधरा मिनिटं फिरवून गरम केली, आणून भिंतीशी लावली. इंजिन क्षणभर बंद करून बॉनेट उघडलं, टेकू लावला. टायरच्या पुढे फरशीवर खडूच्या रेघा ओढल्या. ती त्यांची जुनी सवय, गाडी जागची हलली तर कळावं म्हणून. मग पुन्हा इंजिन चालू केलं, 'पी', हँडब्रेक, आणि उतरून ड्रायव्हरच्या उलट बाजूला, कॉम्प्रेसरच्या टाकीपाशी उभे राहिले.

गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. गेटवर म्हातारा वॉचमन होता, मामा. त्याला त्यांनी हाक मारली.

"मामा, जरा ब्रेकवर बसता का? मी ओरडेन तिथे दांडी घ्यायची. आर, एन, डी, पी. दांडीच्या बाजूला अक्षरं आहेत."

"माझा पाय काय कामाचा हो, गुडघा धड नाही!"

"गुडघा नको आहे, पाय पाहिजे."

"बरं बरं. गेटाला कुलूप घालून आलो."

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दाजी हात पुसत उभे होते. थंडी होती. काचांवर वाफ धरली होती. वर एकच दिवा, तोही बॉनेटच्या मागे गेलेला.

व्हॅनचं दार उघडलं. बंद झालं. गाडी ड्रायव्हरच्या बाजूला जराशी खचली, कुणी बसल्यावर खचते तशी. आणि गाडीखालून ओल्या फरशीवर लाल उजेड पसरला. ब्रेकचे दिवे. म्हणजे पाय पडला.

"बसलात का मामा?"

उत्तर आलं नाही. मामांना एका कानानं कमी ऐकू यायचं. दाजी भिंत आणि बंपर यांच्यामध्ये शिरले. पाठ भिंतीला. गुडघ्यांसमोर बंपर.

"हं. आर!"

खट्. गाडी अंग आखडल्यासारखी मागे ओढली गेली आणि थांबली. ब्रेक चांगला दाबलेला होता.

"एन!"

लगेच नाही. थोडं थांबून... खट्.

दाजी खूश झाले. मामांना मोजून थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. "वा मामा! ड्रायव्हर व्हायचं राहूनच गेलं तुमचं!"

आत कुणी हसलं नाही.

"डी!"

खट्.

काही झालं नाही. दांडी पडली, पण गिअर धरेना. दाजी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. मग धाडकन धरलं. गाडीचं नाक खाली बसलं, त्यांच्या दिशेनं. इंजिनचा आवाज जड झाला.

चार आकडे. सपाट जागेवर चार. चढावर किती झाले असतील?

दाजींच्या डोळ्यांसमोर तिसरं वळण आलं. आणि त्याच वेळी त्यांच्या डाव्या हाताला, गॅरेजच्या बाजूच्या दारातून, आवाज आला.

"दाजी, कुलूप गंजलंय हो, बसतच नाही. राहू दे तसंच. आता बसू का गाडीत?"

मामा दारात उभे होते. हातात कुलूप.

दाजींनी खाली पाहिलं.

गाडी 'डी'मध्ये. इंजिन चालू. मागे भिंत. पुढे बंपर. फरशीवर लाल उजेड.

"...मामा."

"काय हो?"

"आत कोण आहे ते बघा."

मामा दोन पावलं पुढे आले. वाकून त्यांनी खिडकीत पाहिलं. पाहत राहिले.

"मामा..."

कुलूप फरशीवर पडलं.

"मामा, कोण आहे?"

"...कुणी नाही."

"आणि ब्रेक?"

 मामा मागे मागे सरकत दाराशी गेले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. ते म्हणतात, पळून जायचं होतं. पाय हलेनात.

दाजींनी कडेला सरकून निसटायचं ठरवलं. डावा पाय उचलला. लाल उजेड मंदावला. इंजिनचा आवाज बदलला... ब्रेकवरचा पाय हळूहळू वर घेतल्यावर बदलतो तसा.

दाजींनी पाय खाली ठेवला.

उजेड परत आला.

थोडा वेळ गेला. किती ते त्यांना सांगता येत नाही. मामा म्हणतात दोन मिनिटं. दाजी म्हणतात, रात्र.

"पी," दाजी म्हणाले. परत म्हणाले, "पी... पी घे."

काही नाही.

"अरे, घे ना..."

काही नाही. इंजिन धडधडत होतं. बंपर तिथेच. एक बोटसुद्धा पुढे नाही, एक बोटसुद्धा मागे नाही.

मग दाजी काय बोलले ते मामांनी ऐकलं. त्याच रात्री त्यांनी ते माझ्या बहिणीला शब्दाला शब्द सांगितलं.

"बंद करून बघत होतो मी."

खट्. दांडी 'एन'वर गेली.

"...तीनही वेळा."

काही नाही.

"तू विचारलंस... तेव्हा खोटं बोललो."

थोडं थांबून... एक, दोन, तीन...

खट्.

'पी'.

गाडीचं नाक वर आलं. आता निघायला हरकत नव्हती. पण लाल उजेड तसाच होता. पाय काढला नव्हता. दाजींना कळलं. पट्टी बघायची राहिली होती.

त्यांनी पट्टी काढली. पुसली. आत घातली. परत काढली. आत घालताना ती दोनदा भोकाच्या कडेला आपटली होती. दिव्याकडे धरली. नुसतं टोक ओलं. लालसर असायला हवं ते तेल तपकिरी, जळकट वासाचं.

दाजी मोठ्यानं म्हणाले, "कमी आहे. दीड लिटर तरी कमी आहे."

लाल उजेड विझला. गाडी ड्रायव्हरच्या बाजूनं जराशी वर आली. दार उघडल्याचा आवाज आला नाही.

दाजी कडेनं बाहेर आले. मामांनी त्यांना धरलं. दोघांनी मिळून बॅटरीच्या उजेडात टायर पाहिले. खडूच्या रेघा जशाच्या तशा. गाडी कणभर हलली नव्हती. मग दाजींनी इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबले आणि परत पट्टी काढली. खुणेपर्यंत भरलेली. साहेबाला हवी होती तशी. योग्य.

व्हॅनची किल्ली त्यांनी खिशात टाकली आणि घरी नेली.

हसू नका. हीच या गोष्टीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पहाटे साडेपाचला ती व्हॅन चार पेशंट घेऊन टेकडी चढणार होती, आणि ती चढली नाही. साहेबाचे सतरा फोन आले. दाजींनी एकच उचलला. म्हणाले, "पेशंटना टॅक्सीनं आणा. गाडी नादुरुस्त आहे." साहेब म्हणाला, "तुमची नोकरी जाईल." दाजी म्हणाले, "दहा वाजता भेटू."

दहा वाजता समितीचे तिघं, साहेब, कासवाची बायको आणि कोपऱ्यात मी. दाजींनी तो टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला, सहीची जागा कोरी. म्हणाले, "खाली गॅरेजमध्ये चला. दाखवतो." आणि तिथे सगळ्यांसमोर आधी इंजिन बंद ठेवून पट्टी काढली. भरलेली. समितीचा म्होरक्या म्हणाला, "मग काय अडचण आहे?" दाजी म्हणाले, "आता खरं माप बघायचंय. ब्रेकवर माणूस पाहिजे." साहेबाकडे वळून म्हणाले, "बसता का साहेब?"

साहेबानं घड्याळ बघितलं.

कासवाची बायको पुढे आली. "कुठे दाबायचं ते सांगा."

समितीतला एक जण म्हणाला, "अहो, यांना गाडी येत नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चढून बसली. दाजींनी शेजारी उभं राहून पेडल दाखवलं, दांडी दाखवली, आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन गरम होऊ दिलं. मग ते पुढे जाऊन भिंतीशी उभे राहिले.

"वहिनी, पाय सोडू नका."

"नाही सोडणार, भाऊजी."

मी पुष्कळ ठिकाणी उभा राहिलोय. दंगलीत, पुरात. पण त्या चार मिनिटांत माझी मान वर होईना. तिच्या नवऱ्याला ज्यानं खोटं सांगितलं तो माणूस तिच्या पायापुढे उभा होता, आणि तिला ते सगळं माहीत होतं, कारण सकाळी सात वाजता दाजींनी तिच्या दारात जाऊन सांगितलं होतं. आर. एन. डी. या वेळी पाच आकडे. मग पी. पट्टी बाहेर. टोक ओलं.

तिनं पाय सोडला नाही.

दीड महिन्यानं अहवाल आला. भरधाव शब्द काढला होता. चालकाचा दोष आढळून येत नाही. अपघात तांत्रिक कारणाने. वाह! तांत्रिक कारण म्हणजे कोण हो? त्याला नाव नसतं? ते सकाळी कामावर येतं, सही करतं, संध्याकाळी घरी जातं? साहेबाची बदली झाली, वरच्या जागेवर. दाजींची दोन वर्षांची पगारवाढ रोखली. माझी दुरुस्तीची बातमी सातव्या पानावर, सिंगल कॉलम. पहिल्या पानावर चूक, सातव्या पानावर कबुली. मी संपादकाशी भांडलो, आणि नंतर त्याच्याच केबिनमध्ये चहा प्यायलो. तिनं मात्र ते कात्रण शिलाई मशीनच्या काचेखाली ठेवलंय. माप द्यायला येणाऱ्या बाईला टेबलापाशी उभं राहिलं की ते वाचावंच लागतं.

आता तू विचारशील, दाजींना भास झाला असेल, मामा म्हातारे होते, ब्रेकच्या दिव्यांचं वायरिंग बिघडलं असेल. मीसुद्धा हेच विचारलं. वायरिंग तपासून घेतलं. ठीक होतं. दांडीचं काही उत्तर मिळालं नाही, पण मी मनाशी म्हटलं, पश्चात्ताप झालेल्या माणसाला काहीही ऐकू येतं.

पण त्या रात्री माझ्या बहिणीनं दाजींचे पाय शेकायला गरम पाणी आणलं तेव्हा तिला दिसलं. दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, आडवी लालसर निळी रेघ. पट्टीनं आखल्यासारखी सरळ. बंपरच्या उंचीला. आणि गाडी तर हलली नव्हती. दाजींना दुखत नव्हतं. ती म्हणाली, आठवड्यात जाईल.

त्याला अकरा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात दाजींना ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. नवीन डॉक्टर होती, तरुण, तुमच्याच वयाची. तिला यातलं काही माहीत नाही. तिनं पँट वर केली, बोटानं ती रेघ हलकेच दाबली, चष्मा सारखा केला, परत दाबली. मग वर बघून थोडं रागावूनच विचारलं,

"काका, हे लागून अर्धा तासही झालेला नाही. येताना कुठे धडकलात?"